खात्यातून परस्पर पैसे गेले? तक्रार कधी, कुठे आणि कोणत्या कागदांसह करायची

तुम्ही न केलेल्या व्यवहाराचा मेसेज आला की शाखा उघडण्याची वाट पाहू नका. अशा तक्रारीसाठी बँकेला चोवीस तास सोय ठेवावी लागते. कस्टमर केअरला फोन करून कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग बंद करायला सांगा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. फोन नंबर मात्र पासबुकावरचा किंवा कार्डामागचा घ्या. इंटरनेटवर शोधलेला नंबर अनेकदा भामट्यांचाच निघतो. लगेच 1930 या सरकारी हेल्पलाइनवरही कळवा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आले तर ते परत मिळण्याची आशा असते.

इतकी घाई कशासाठी, ते रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात आहे. (सहकारी बँकांसाठी असंच परिपत्रक 14 डिसेंबर 2017 ला निघालं.) चूक बँकेची असेल, तर तुम्ही कळवा वा न कळवा, तुमच्यावर काहीच जबाबदारी नाही. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, उदाहरणार्थ कार्ड खिशात असताना त्याची नक्कल करून पैसे काढले गेले, तर मेसेज मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास सगळी रक्कम परत मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. चार ते सात दिवस लागले, तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त 10,000 रुपयांचा आणि मूलभूत (किमान शिल्लक ठेवावी न लागणाऱ्या) बचत खात्यावर 5,000 रुपयांचा भार तुमच्यावर येतो. सात दिवसांनंतर बँकेचं स्वतःचं धोरण लागू होतं.

दिवस मोजताना मेसेज आला तो दिवस धरायचा नाही, आणि सुट्ट्या तुमच्या शाखेच्या कामकाजाप्रमाणे वगळायच्या. दुसऱ्या शनिवारच्या आदल्या संध्याकाळी मेसेज आला, तर तिसरा दिवस बुधवारी भरतो.

ओटीपी किंवा पिन स्वतःच सांगितला गेला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर जाणारा प्रत्येक रुपया बँकेच्या माथी. लाजेपोटी गप्प बसणारी माणसं इथेच आणखी पैसे गमावतात. घरात कुणाच्या बाबतीत असं घडलं असेल तर रागावणं नंतर, आधी फोन लावा.

फोनपाठोपाठ लेखी तक्रार द्याच. अर्जात खाते क्रमांक, व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम, संदर्भ क्रमांक आणि ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ हे स्पष्ट वाक्य हवं. सोबत खातेउतारा किंवा पासबुकाची प्रत, मेसेजचा स्क्रीनशॉट, ओळखपत्राची प्रत, फोनवरचा तक्रार क्रमांक आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली असल्यास तिची पोच जोडा. शाखेत अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. पुढचं सगळं या पोचपावतीवर उभं असतं, म्हणून ती न घेता काउंटर सोडू नका.

कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत वादातली रक्कम बँकेने खात्यावर तात्पुरती जमा करायची असते आणि 90 दिवसांत तक्रारीचा निकाल लावायचा असतो. ‘तुमचाच दोष’ असं बँक म्हणाली तरी डगमगू नका. तो सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे.

लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. अर्ज रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या संकेतस्थळावर भरता येतो, तिच्याच चंदीगडच्या केंद्राकडे टपालानेही पाठवता येतो. माहितीसाठी 14448 हा नंबर आहे. फी लागत नाही, वकीलही लागत नाही. बँकेकडे केलेली तक्रार, तिची पोच आणि उत्तर आलं असल्यास त्याची प्रत जोडा. बँकेला न कळवता थेट इथे आलेली तक्रार स्वीकारली जात नाही. त्याच प्रकरणात दिवाणी न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात दावा चालू असेल तरीही लोकपाल ती घेत नाही. पोलिसांत दिलेली फिर्याद मात्र याला आड येत नाही.