हरितलवक आणि रोपाची ठेवण : जनुकांचा कारभार

हरितलवक म्हणजे क्लोरोप्लास्ट, पानातल्या पेशीत प्रकाशावर साखर तयार करणारा भाग. तो बनतो कसा आणि रोप उंच-बुटकं, रुंद-बारीक कसं होतं, हे दोन विषय पुस्तकात वेगळे शिकवतात, पण बऱ्याच ठिकाणी त्यांची दोरी एकाच हातात असते.

सोलापुरात नवरात्रात घट बसवलेल्या घरात हे दिसतंच की. देवघराच्या अंधुक उजेडात उगवलेलं धान लांबलचक, बारीक आणि पिवळट होतं, तेच दाणे शेतात पेरले तर रोप ठेंगणं, हिरवंगार. जनुकं दोन्हीकडे तीच! अंधारात पिफ नावाची प्रथिनं हिरवं होण्याची जनुकं दाबून ठेवतात आणि देठ लांबवत राहतात, उजेड पडला की फायटोक्रोम हे प्रकाश ओळखणारं प्रथिन त्यांना हटवतं, मग एचवाय५ हे हिरवं होण्याची जनुकं चालू करणारं प्रथिन साचतं आणि प्रोप्लास्टिडपासून, म्हणजे हरितलवकाच्या कच्च्या रूपापासून, हरितलवक घडायला लागतं. क्लोरोफिल बनवायची एक पायरी तर फुलझाडांत प्रकाशाशिवाय होतच नाही. १९८९ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जोआन चोरी आणि सहकाऱ्यांनी मोहरीच्या कुळातल्या अराबिडोप्सिसमध्ये डीईटी१ हे जनुक बिघडलेली रोपं दाखवली, ती अंधारातही उजेडात असल्यासारखी पानं उघडून बुटकी वाढली, हिरवी मात्र झाली नाहीत. मला हा प्रयोग फार आवडतो, आकार आणि हिरवेपणा कुठे जोडलेत आणि कुठे सुटे आहेत ते एका रोपात कळतं.

हरितलवकाला स्वतःचा डीएनए असतो, एके काळी ते स्वतंत्र सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर अन्न बनवणारे जिवाणू, होते म्हणून, पण आता त्यात प्रथिनांची जेमतेम ८० च्या आसपास जनुकं उरलीत. लागणारी बाकी हजारो प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून बनून बाहेरून आत येतात. उलटा निरोपही जातो, हरितलवक बिघडलं की केंद्रक प्रकाशसंश्लेषणाची जनुकं मंदावतं, आणि काही म्युटंटमध्ये, म्हणजे जनुक बिघडलेल्या रोपांत, पानाचा पांढरा भाग नीट भरतच नाही, आतल्या खांबासारख्या पेशी घडत नाहीत. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल कोरेन्सने १९०९ मध्ये गुलबक्षीत दाखवलं की पिल्लू रोप हिरवं की पांढरं हे बी कुठल्या फांदीवर धरलं त्यावर ठरतं, पराग कुठल्याही फांदीचा असो, म्हणजे तिथे हरितलवक आईकडूनच येतं.

आता आपल्या ज्वारीचं. तिच्या पानात दोन प्रकारची हरितलवकं असतात, मधल्या पेशीत पटलांच्या, म्हणजे पातळ पडद्यांच्या, थप्प्या असलेली आणि शिरेभोवतीच्या पेशीत जवळजवळ थप्प्या नसलेली, दोघांनी काम वाटून घेतलंय म्हणून उन्हात आणि कमी पाण्यात तिचं निभतं. मक्यात शिरेभोवतीची हरितलवकं घडवायला गोल्डन२ हे जनुक लागतं, ते बिघडलं की पान फिकट सोनेरी दिसतं.

पण उंचीचं सगळंच हिरवेपणाला बांधलेलं नाही. ज्वारीतलं डीडब्ल्यू३ हे जनुक ऑक्सिन हे संप्रेरक पेशीतून पुढे ढकलणारं प्रथिन बनवतं, ते बिघडलं तर पेरं आखूड राहतात, पानं मात्र हिरवीच असतात. कापणी यंत्राने करायची तिथे अशी बुटकी ज्वारी मुद्दाम निवडली गेली, मंगळवेढ्याकडे मालदांडी अजून उंचच लागते, कारण कडब्याशिवाय जनावरं जगत नाहीत.