काठावरचं पाणी

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानात, समुद्रसपाटीपासून सुमारे 1130 मीटर उंचीवर, रेसट्रॅक प्लाया नावाचं एक कोरडं तळं आहे. लांबी साधारण साडेचार किलोमीटर, रुंदी दोन, आणि सपाटपणा असा की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उंचीत जेमतेम काही सेंटिमीटरचा फरक. वाळलेल्या चिखलाच्या या पाटावर जागोजागी दगड पडलेले आहेत आणि त्यांतल्या अनेकांच्या मागे लांबलचक चर उमटलेला आहे. काही चर सरळ जातात, काही वळतात, काही काटकोनात मोडतात. आजूबाजूला माणसाच्या किंवा जनावराच्या पावलाची एकही खूण नाही. मोठ्या दगडांचं वजन 300 किलोच्या घरात जातं.

पहिला संशय वाऱ्यावर जातो. तिथे वारा जोरात वाहतो, हेही खरं. पण जरा आकडेमोड करून बघू. 15 किलोचा दगड घ्या. वाऱ्याला सामोरी जाणारी त्याची बाजू साधारण 20 सेंटिमीटर बाय 20 सेंटिमीटर. कोरड्या जमिनीवर तो ढकलायला दहा-बारा किलो वजनाइतका जोर लागेल. ओल्या चिखलावर त्याच्या निम्मा धरू. तेवढा जोर निव्वळ वाऱ्याने द्यायचा तर त्याचा वेग ताशी 180 किलोमीटरच्या आसपास हवा, तोही थेट जमिनीलगत, जिथे वारा नेहमीच मंद असतो. 300 किलोच्या दगडाचा तर विचारच नको.

म्हणून दुसरा संशयित पुढे आला: बर्फ. 1970च्या दशकात बॉब शार्प आणि ड्वाइट कॅरी या भूशास्त्रज्ञांनी 30 दगडांना नावं दिली, प्रत्येकाच्या जागी खुंटी ठोकली आणि सात वर्षं नोंदी ठेवल्या. बर्फाची कल्पना तपासायला त्यांनी दोन दगडांभोवती लोखंडी गजांचं कुंपणही घातलं. बर्फाचा मोठा पत्रा दगडांना धरून सरकत असेल तर तो गजांना अडेल आणि दगड आतच राहतील, असा हिशोब होता. एक दगड गजांमधल्या फटीतून बाहेर पडला, दुसरा तिथेच राहिला. त्यावरून त्यांनी मोठ्या बर्फाची कल्पना बाजूला सारली. प्रयोग चोख होता. फसला तो एका गृहीतकामुळे: ढकलणारा बर्फ जाडजूड असणार, हे त्यांनी धरूनच चाललं होतं.

पुढे ग्रहशास्त्रज्ञ राल्फ लोरेंझ यांनी स्वयंपाकघरात करता येईल असा एक प्रयोग केला. प्लास्टिकच्या डब्यात छोटा दगड ठेवायचा आणि दगडाचं टोक वर राहील इतकंच पाणी ओतून डबा फ्रीजरमध्ये ठेवायचा. गोठल्यावर दगड रुतलेली बर्फाची वडी बाहेर काढायची, उलटी करायची आणि तळाला वाळू पसरलेल्या पाण्याच्या ट्रेमध्ये तरंगत सोडायची. दगडाचं टोक वाळूला जेमतेम टेकलं पाहिजे. मग हलकेच फुंकर मारायची. वडी सरकते आणि वाळूत चर उमटतो. इथे बिघडतं ते ट्रेमधल्या पाण्याच्या मापात. पाणी जास्त झालं तर दगड वाळूपासून सुटतो आणि चर उमटत नाही. कमी पडलं तर दगडाचा भार वाळूवर येतो आणि फुंकर वाया जाते. घरी करून बघण्याजोगा आहे, पाण्याची पातळी चमच्या-चमच्याने बदलत गेलात तर विशेष मजा येते.

प्रयोग देखणा आहे, पण प्लायावरचं उत्तर त्याहून साधं निघालं.

2011मध्ये पुराजीवशास्त्रज्ञ रिचर्ड नॉरिस, त्यांचे चुलतभाऊ असलेले अभियंते जेम्स नॉरिस, लोरेंझ आणि सहकारी कामाला लागले. प्लायावरच्या मूळ दगडांना भोकं पाडायला उद्यान प्रशासनाची परवानगी नव्हती. म्हणून त्यांनी बाहेरून 15 दगड आणले, प्रत्येकात जीपीएस यंत्र बसवलं आणि ते तळ्यावर नेऊन ठेवले. बॅटरी वर्षानुवर्षं पुरवायची तर यंत्र सतत चालू ठेवून भागत नाही. त्यासाठी चुंबकाचा खटका योजला होता: दगड जागचा हलला की नोंद सुरू. शेजारी हवामानाची नोंद घेणारं केंद्र उभं केलं. मग नुसती वाट बघायची. दगड दहा वर्षांतही हलले नसते तरी कोणाला नवल वाटलं नसतं.

डिसेंबर 2013मध्ये दोघे नॉरिस तिथे पोचले तेव्हा तळ्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर पाणी होतं, खोली फार तर सात सेंटिमीटर. रात्री त्यावर बर्फाचा पापुद्रा धरायचा. जाडी तीन ते सहा मिलिमीटर, म्हणजे खिडकीच्या काचेइतकी. सकाळ चढत गेली की ऊन लागून त्याला तडे जायचे, दहा-दहा मीटरचे आणि त्याहूनही मोठे तुकडे सुटे व्हायचे आणि मंद वाऱ्याने पाण्यावर वाहू लागायचे. वाऱ्याचा वेग सेकंदाला चार-पाच मीटर, ज्यात टोपीसुद्धा डोक्यावर राहते. वाटेत आलेल्या दगडांना हे तुकडे मागून रेटत. 20 डिसेंबरला साठहून अधिक दगड हलले. वेग मिनिटाला दोन ते पाच मीटर.

एवढ्या पातळ पापुद्र्यात जोर येतो तो क्षेत्रफळातून. पुन्हा ढोबळ हिशोब: त्या मंद वाऱ्याची ओढ बर्फाच्या एका चौरस मीटरवर पाचेक ग्रॅम वजनाइतकी पडते. आपल्या 15 किलोच्या दगडाला तोच वारा थेट लागला तर त्याच्यावर 50 ग्रॅम वजनाइतका जोर येतो, म्हणजे काहीच नाही. पण 50 मीटर बाय 50 मीटरचा बर्फाचा तुकडा अडीच हजार चौरस मीटरवर वारा गोळा करतो आणि ती सगळी ओढ दगडापाशी आणून टाकते. ती होते साडेबारा किलो. शिवाय खालच्या वाहत्या पाण्याचा रेटा वेगळाच. आणि तळ ओला, बुळबुळीत चिखलाचा.

आता अटी मोजा. पाणी एवढं खोल हवं की बर्फ तरंगेल, आणि एवढं उथळ की दगड वर डोकं काढून राहतील. खोली वाढली तर बर्फ दगडांवरून निघून जाईल. रात्री गोठण्याइतकी थंडी हवी, पण दिवसा बर्फ फुटण्याइतकं ऊनही हवं. नुसती थंडी राहिली तर अख्खं तळं एकसंध गोठून बसेल. वारा वाहायला हवा, पण बर्फाचा चुरा करेल इतका नको. यातली एक अट चुकली की त्या वर्षी काही घडत नाही. अशी चुकलेली वर्षंच तिथे जास्त.

इतके पर्यटक येऊनही कोणाला दगड हलताना का दिसले नव्हते? एक तर त्या गारठ्यात, चिखल झालेला असताना तिथे कोणी फिरकत नाही. शिवाय आजूबाजूचे दगड आणि बर्फ सगळंच एकत्र, सावकाश सरकतं. कोण हललं हे ठरवायला स्थिर खूण उरत नाही. चर पाण्याखाली असतो. तो दिसतो पाणी आटल्यावर, आठवड्यांनी.

ज्या तापमानाच्या अलीकडे एक आणि पलीकडे वेगळंच घडतं, तो काठ रेसट्रॅकवर शून्य अंशाचा होता. मेक्सिकोतल्या नायकाच्या खाणीत तो 58 अंशांवर आहे.

चिवावा राज्यातल्या या शिशाच्या आणि चांदीच्या खाणीत 2000 साली, जमिनीखाली सुमारे 300 मीटरवर बोगदा काढताना कामगारांना एक गुहा लागली. आत जिप्समचे पारदर्शक स्फटिक एकमेकांना छेद देत खांबांसारखे आडवेतिडवे उभे होते. सर्वांत लांब अकरा मीटरच्या वर. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट आणि त्यात बांधलेलं पाणी, ज्यापासून प्लास्टर ऑफ पॅरिस करतात तोच पदार्थ. नखाने ओरखडा उठेल इतका मऊ.

खाली तप्त शिलारस असल्यामुळे इथलं भूजल लाखो वर्षं गरम राहिलं. त्या पाण्यात 58 अंशांच्या वर अ‍ॅनहायड्राइट, म्हणजे पाणी नसलेलं कॅल्शियम सल्फेट, टिकून राहतं. त्याखाली तेच खनिज विरघळू लागतं आणि जिप्सम बनणं सोयीचं ठरतं. नायकाचं पाणी या रेषेच्या किंचित खाली येऊन तिथेच रेंगाळलं. अ‍ॅनहायड्राइट थोडं थोडं विरघळत राहिलं आणि तेवढंच जिप्सम थोडं थोडं साचत राहिलं. पाणी झपाट्याने थंड झालं असतं तर एकदम असंख्य बारीक स्फटिक सुरू झाले असते आणि माल त्यांच्यात वाटला गेला असता. याच खाणीत वर, 120 मीटर खोलीवर, 1910मध्ये सापडलेली ‘तलवारींची गुहा’ आहे. तिथले स्फटिक साधारण मीटरभराचेच आहेत, कारण तिथलं पाणी लवकर निवलं.

वाढीचा वेगही मोजला गेला आहे. नायकाचंच पाणी घेऊन, 55 अंशांना, प्रकाशलहरींच्या साहाय्याने पृष्ठभाग किती चढतो ते पाहिलं. 2011मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा वर्षाला अर्ध्या मायक्रोमीटरपेक्षाही कमी भरतो. केसाएवढी जाडी चढायला दीडशेच्या आसपास वर्षं. मीटरभर जाडीचा खांब दोन्ही बाजूंनी वाढत गेला तरी दहा लाख वर्षांचा हिशोब होतो.

ही गुहा माणसाला पाहता आली ती फक्त खाणीचे पंप पाणी उपसत होते म्हणून. आतली हवा 45 ते 50 अंश आणि आर्द्रता शंभर टक्क्यांच्या जवळ. नुसत्या उन्हाळ्याशी याची तुलना करू नये. अशा हवेत घाम सुकत नाही, म्हणजे शरीर निववण्याचा मार्गच बंद. त्याहून वाईट गोष्ट छातीत घडते. 47 अंशांच्या त्या हवेत दर घनमीटरला 68 ग्रॅमच्या आसपास वाफ असते, तर 37 अंशांची हवा 44 ग्रॅमच धरू शकते. उरलेली 24 ग्रॅम श्वासमार्गात आणि फुप्फुसात पाणी होऊन बसते, आणि बसताना आपली उष्णताही तिथेच सोडते. साध्या कपड्यांत दहा मिनिटं पुष्कळ झाली. बर्फ भरलेला पोशाख आणि गार हवेचा मुखवटा असला की अर्धा-पाऊण तास मिळतो. कॅमेराही तसाच आत नेला तर भिंगावर लगेच दव धरतं. तो आधी गुहेच्या तापमानाला तापवून घ्यावा लागतो.

पाणी गेल्याचा त्रास स्फटिकांनाही झाला. वाढ थांबली हे तर आलंच. जिप्समची घनता पाण्याच्या सव्वादोन-अडीच पट असते, म्हणून पाण्यात बुडालेल्या खांबाचं चाळीसेक टक्के वजन पाणीच पेलतं. ते उपसल्यावर आडवा, मऊ खांब आपल्याच भाराने वाकू शकतो, तडकू शकतो. 2015च्या सुमारास खोल भागातला उपसा थांबला आणि गुहा पुन्हा पाण्याखाली गेली. बघणाऱ्यांचं नुकसान झालं, स्फटिकांच्या दृष्टीने ठीकच झालं म्हणायचं.

तिसरा काठ उणे अंशांचा. अंटार्क्टिकातल्या मॅकमर्डो कोरड्या दऱ्यांमध्ये टेलर हिमनदीच्या टोकावरून रक्तासारखा लाल ओघळ बॉनी तळ्यावर उतरतो. 1911मध्ये ग्रिफिथ टेलर यांनी तो पाहिला आणि लाल शैवालामुळे रंग आला असावा असं लिहिलं. रंग लोखंडाचा निघाला. हिमनदीखाली लाखो वर्षं कोंडलेलं, समुद्रापेक्षा कितीतरी खारट, प्राणवायू नसलेलं आणि लोहयुक्त पाणी आहे. ते बाहेर येतं तेव्हा स्वच्छ असतं. हवा लागल्यावर लोखंड गंजतं आणि ओघळ लाल होतो.

पण एवढ्या थंड बर्फातून ते पाणी वाटेतच गोठून का जात नाही? मीठ गोठणबिंदू खाली ओढतं, ही अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी जास्त गमतीची आहे. पाण्याचा थोडा भाग गोठला की त्यातलं मीठ उरलेल्या पाण्यात ढकललं जातं, म्हणजे ते आणखी खारट होतं आणि गोठायला आणखी नाखूश. शिवाय गोठताना दर किलोमागे सुमारे 334 किलोजूल उष्णता सुटते आणि भोवतालचा बर्फ ऊबदार ठेवते. थोडं पाणी गोठून बाकीच्याची वाट मोकळी करतं. 2017मध्ये रडारने ही वाट हिमनदीत सुमारे 300 मीटर आतपर्यंत माग काढून दाखवली.

याचा नमुना घेणं मात्र कटकटीचं. ओघळ कधी वाहतो, कधी महिनोन्‌महिने बंद. बाहेर आलेलं पाणी उचललं तर लोखंड आधीच गंजलेलं असतं, आणि आतल्या जिवाणूंत बाहेरचे मिसळलेले. म्हणून 2014मध्ये तापत्या टोकाचं यंत्र बर्फात घुसवलं गेलं. पुढे लावलेला, बर्फात रुतणारा स्क्रू डोकं बर्फावर घट्ट दाबून धरतो, टोक बर्फ वितळवत जातं आणि एका बाजूला जास्त तापवलं की यंत्र वळतं. निघण्यापूर्वी ते निर्जंतुक करतात. हिमनदीच्या आतच, हवा लागण्याआधी, त्याने खारं पाणी भरून आणलं.