फर्माचा घात

चार-पाच उदाहरणं जुळली की झालाच नियम, असं म्हणणारा कोणी भेटला की मी एकच आकडा पुढे करतो: ४,२९,४९,६७,२९७. कॉम्प्युटरवाल्यांना ओळखीचा वाटेल, ३२ बिटमध्ये जेवढे वेगवेगळे आकडे मावतात त्याहून हा बरोबर एकाने जास्त, म्हणजे २ चा ३२वा घात अधिक १.

१६४० च्या सुमारास फर्मा नावाच्या फ्रेंच माणसाने (पेशाने वकिलीतला, गणित आपलं हौसेचं) अशी माळ लावली: ३, ५, १७, २५७, ६५५३७. २ चा घात घ्यायचा, घातांक दरवेळी दुप्पट, वर १ मिळवायचा. पाचही मूळ संख्या निघाल्या! फर्मा म्हणाला पुढच्याही सगळ्या मूळच असणार, सिद्धता मात्र जमेना. सहावी म्हणजे आपली ही दहा अंकी, आणि ती तपासायची तर साडेसहा हजार मूळ संख्यांनी भागत बसा, तेही हाताने.

१७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञाने ती फोडली. ६४१ गुणिले ६७,००,४१७. या संख्येचा मूळ विभाजक असलाच तर त्याला ६४ ने भागून बाकी १ उरलीच पाहिजे, हेही त्यानेच सिद्ध केलं, म्हणजे उमेदवार उरले १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... पाचव्यालाच काम तमाम.

पण मला खरं वेड लावलं ते भागाकार न करता हे कसं दिसतं त्याने. ६४१ म्हणजे ६४० + १, आणि ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७वा घात. आता ६४१ च्या हिशोबात ६४० ची बाकी −१ धरा (एक कमी पडतोय ना, म्हणून). दोन्हीकडे चौथा घात घ्या: ६२५ गुणिले २ चा २८वा घात, बाकी +१. आता ६२५ + १६ पण ६४१ च! म्हणून ६२५ च्या जागी बिनधास्त −१६ लिहा, १६ म्हणजे २ चा ४था घात, २८ आणि ४ झाले ३२, म्हणजे उणे २ चा ३२वा घात, बाकी १. चिन्हं उलटवा, २ च्या ३२व्या घाताची बाकी −१, त्यात १ मिळवला की शून्य. डोक्यावरून गेलं असेल तर कागदावर एकदा करा, चार ओळी आहेत.

अंकज्योतिषवाले याच आकड्याची बेरीज करून ५ काढतील आणि बुधाला चिकटवतील. बायनरीत (फक्त ० आणि १ वापरून) लिहिला तर दोन टोकांना १ आणि मध्ये ३१ शून्यं, बेरीज २, मग ग्रह बदलला का? ६४१ ने भाग मात्र कुठल्याही लिपीत जातोच.

६५५३७ नंतर या माळेत एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. आणि घातांक २ चा २०वा घात असलेली जी संख्या आहे, तीन लाखांवर अंकांची, ती मूळ नाही हे पक्कं सिद्ध झालंय, पण तिचा एकही विभाजक अजून कोणाच्या हाती लागलेला नाही.