ओले केस विंचरू नयेत? कुरळ्या केसांचं उलटं आहे

"ओल्या केसांत कंगवा घालू नको, तुटतात." ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या घरी आजीपासून हेच ऐकलंय. सरळ केसांपुरतं ते खरं आहे. घट्ट कुरळ्या, विशेषतः आफ्रिकी वळणाच्या केसांना मात्र ते लावू नका. असा केस प्रत्येक वळणावर नाजूक असतो, शिवाय टाळूचं तेल टोकापर्यंत उतरत नाही. कोरडा विंचरला की कटकन तुटतो.

माझी भाची रडायची, कंगव्यात तुटक्या केसांचा पुंजका यायचा. आता न्हाताना भरपूर कंडिशनर लावतो, केसांचे चार भाग करतो. आधी बोटांनी, मग मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून वर. गाठीच्या वरचा केस चिमटीत घट्ट धरायचा, म्हणजे मुळाला ओढ बसत नाही.