डायबेटिक रेटिनोपॅथी आणि व्हीईजीएफ

व्हीईजीएफ हे आपल्याच पेशींनी बनवलेलं प्रोटीन, जवळच्या रक्तवाहिन्यांना ते सांगतं की इकडे ऑक्सिजन कमी पडतोय, नवी फांदी काढा. पोटातलं बाळ वाढताना, जखम भरताना हा निरोप लागतोच, पण डायबेटीसवाल्यांच्या डोळ्यात तोच निरोप नजर घालवू शकतो. डायबेटीसमुळे डोळ्याच्या पडद्याला होणाऱ्या या आजाराला डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात.

वर्षानुवर्षं शुगर चढलेली राहिली की डोळ्याच्या पडद्यातल्या केशवाहिन्या खराब होत जातात. त्यांना बाहेरून बिलगून बसलेल्या पेरिसाइट पेशी मरतात, भिंत सैल पडून बारीक फुगे येतात आणि पुढे काही केशवाहिन्या बंदच होतात. पडद्याला मुळातच ऑक्सिजन भरपूर लागतो, त्यामुळे तो भाग उपाशी राहतो. पेशंटला मात्र तेव्हा काहीच जाणवत नाही, सगळं नीट दिसत असतं, आणि म्हणूनच दरवर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासायला सांगतात.

उपाशी पेशीला ऑक्सिजन कमी झालाय हे कळतं कसं? तर एचआयएफ-१ अल्फा नावाचं प्रोटीन पेशी सारखं बनवत असते आणि ऑक्सिजन असेपर्यंत लगेच मोडूनही टाकत असते, ऑक्सिजन घटला की हे मोडणं थांबतं, प्रोटीन साठतं, पेशीच्या केंद्रकात जाऊन व्हीईजीएफचं जनुक चालू करतं. (ऑक्सिजन ओळखण्याची ही यंत्रणा उलगडल्याबद्दल सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना २०१९ चं नोबेल मिळालं.) मग व्हीईजीएफ रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रोटीनला चिकटतं, दोन रिसेप्टर जोडीने येऊन एकमेकांना फॉस्फेट लावतात, तिथून आत निरोपांच्या साखळ्या सुटतात, ईआरके नावाच्या प्रोटीनची साखळी पेशींना वाढायला लावते, एकेटी नावाच्या प्रोटीनची त्यांना जगवते, आणि पेशींमधले सांधेही सैल होतात म्हणून पाणी झिरपतं. हे पाणी पडद्याच्या मधोमध, मॅक्युलात साचलं की वाचताना अक्षरं धूसर दिसतात.

खरं दुखणं असं की नव्या वाहिन्या उपाशी भागात शिरतच नाहीत, त्या पडद्याच्या पृष्ठभागावर, आतल्या जेलीच्या दिशेने पसरतात. एक तर कच्च्या, म्हणून फुटतात आणि डोळ्यात रक्त उतरतं, शिवाय सोबत तयार झालेला तंतूंचा पापुद्रा आकसला की पडदाच ओढून सुटा करतो.

उपाशी पडद्यातून पसरून नव्या वाहिन्या काढायला लावणारा काहीतरी पदार्थ असणार हे नेत्रतज्ज्ञ मायकेलसन यांनी १९४८ मध्येच मांडलं होतं. व्हीईजीएफ वेगळं काढलं गेलं १९८९ मध्ये, शास्त्रज्ञ फेरारा यांच्या प्रयोगशाळेत, आणि अशा पेशंटच्या डोळ्यातल्या द्रवात ते वाढलेलं असतं हे १९९४ मध्ये दिसलं.

त्याआधीपासून लेझर होतंच. पडद्याच्या कडेचा भाग जाळला की ऑक्सिजनची मागणीच घटते, निरोप आपोआप कमी होतो, पण कडेची नजर आणि रात्रीचं दिसणं थोडं जातं. रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट ही डोळ्यात द्यायची इंजेक्शनं थेट व्हीईजीएफलाच पकडतात, आणि २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं फॅरिसिमॅब सोबत वाहिन्या सैल करणाऱ्या अँजिओपोएटिन-२ लाही अडवतं. यांचा असर काही आठवडे ते काही महिन्यांनी ओसरतो, खालची उपासमार तशीच असते, म्हणून मध्येच यायचं बंद केलं तर नव्या वाहिन्या परत जोर धरू शकतात. लेझरचं तसं नाही, तो टिकतो, त्यामुळे लांबच्या गावाहून वरचेवर येणं ज्याला जमणार नाही त्याला बरेच डॉक्टर आजही लेझर करून घ्यायला सांगतात.