गुरांच्या संकर पैदाशीच्या पद्धती

दोन किंवा अधिक जातींचे गुण एकत्र आणून कळपाचे उत्पादन वाढवण्याच्या रीती. मांसासाठी गुरे पाळणाऱ्या देशांत त्यांची तुलना बारकाईने झाली आहे. तिथे कळपातल्या दर गाईमागे दूध तोडताना वासरांचे किती किलो वजन मिळाले, हे माप लावतात. ठाणे जिल्ह्यात, मुरबाड-शहापूरच्या गोठ्यात, माप दुधाचे आणि चिखलणीला उभ्या राहणाऱ्या बैलाचे असते. पैदाशीचे गणित मात्र तेच.

वेगळ्या जातींच्या आईबापांचे वासरू दोघांच्या सरासरीपेक्षा सरस निघते, याला संकरजोम म्हणतात. तो गाभण राहणे, वासरू जगणे, गाय वर्षानुवर्षे टिकणे यांत ठळक दिसतो. मांसाच्या प्रतीत फारसा नाही. पहिल्या पिढीत तो पूर्ण असतो. त्या कालवडीला पुन्हा त्याच दोनांपैकी एका जातीचा वळू दिला की निम्मा उरतो. दोन जातींचे वळू पिढीआड पालटत गेल्यास तो कालांतराने सुमारे ६७ टक्क्यांवर स्थिरावतो, तीन जाती फिरवल्यास ८६ टक्क्यांवर.

संकरातून घडवून पुढे आपसातच पैदास केलेल्या संमिश्र जातीत जोम कमी राहतो, पण एकाच जातीच्या वळूंवर काम भागते. टेक्सासची सांता गर्त्रुदिस ही अशी जात, पाच अष्टमांश ब्रिटिश शॉर्टहॉर्न आणि तीन अष्टमांश ब्राह्मण ही अमेरिकी वशिंडाची जात. आणि ब्राह्मण घडली ती भारतातून गेलेल्या गीर, कांकरेज, ओंगोल यांसारख्या गुरांतून.

अंतिम संकरात सगळी वासरे मांसासाठी विकतात. वाढीला ही पद्धत सर्वांत सरस, पण महाराष्ट्रात २०१५पासून गाईप्रमाणे बैल व वळूंच्या कत्तलीवरही बंदी असल्याने गोवंशात तिला अर्थ उरत नाही.

सह्याद्रीच्या पायथ्याचे जनावर म्हणजे डांगी: तेलकट कातडी, काळे टणक खूर, मुसळधार पावसातही कामाला उभे. दूध बेताचे, म्हणून जर्सीचा संकर आला. पहिली संकरित गाय बहुधा मालकाला खूश करते. अडचण पुढे येते. गाय माजावर आली की रेतन करणारा नायट्रोजनच्या कॅनमधून गोठवलेल्या वीर्याची बारीक कांडी काढतो. तिच्यावर जात आणि वळूचा क्रमांक छापलेला असतो, पण तो क्वचितच कुणी वाचतो. पुन्हा जर्सीच भरली की विदेशी रक्त ५०वरून ७५ टक्के, मग ८७.५. याला पद्धत म्हणता येणार नाही. अशा गाईला उन्हाळा सोसत नाही, गोचिडांचे आजार लवकर धरतात. गोऱ्ह्याला वशिंड नसते, म्हणून जू नीट बसत नाही.

दोन-चार गाईंच्या गोठ्यात वळू पाळणे परवडत नाही. तरी कृत्रिम रेतनाने वळूपालट सहज जमते. पन्नास टक्क्यांच्या गाईला डांगीची किंवा संकरित वळूची मात्रा द्यावी आणि कानातल्या बारा अंकी बिल्ल्यापुढे वळूची जात लिहावी. कालवडीच्या बापाची जात ठाऊक नसेल तर पुढची निवड अंदाजावरच होते.

कुठलीही पद्धत घेतली तरी तिला शुद्ध डांगी लागतेच. पौषात मुरबाडजवळ म्हसा यात्रेचा मोठा गुरांचा बाजार भरतो. तिथला चांगला डांगी वळू आसपासच्या गावांनी मिळून राखला, तरच पुढच्या संकराला पाया राहील.