नळाची गळती आणि तिची दुरुस्ती

नळ पूर्ण बंद करूनही तोटीतून पाणी ठिबकत राहणे, हा घरगुती नळाचा नेहमीचा बिघाड. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला ८६,४०० थेंब होतात. थेंब पाव मिलीलिटरचा धरला तर हे पाणी २१ लिटरांच्या वर जाते.

आट्यांच्या नळाची रचना १८४५ साली इंग्लंडमधील रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्याने पेटंट केली आणि ती आजही मुळात तीच आहे. चावी फिरवली की स्पिंडल, म्हणजे चावीला जोडलेला आट्यांचा दांडा, खाली उतरतो आणि त्याच्या टोकाचा रबरी वायसर पितळी बैठकीवर दाबला जातो. वापराने रबर कडक होते, गरम पाण्याच्या नळात तर लवकरच. मग लोक चावी आणखी आवळतात. थेंब दोन दिवस थांबतो, पण वायसर चिरडतो आणि बैठकही खराब होते.

पाणी तोटीतून येत असेल तर दोष वायसरचा किंवा बैठकीचा. चावीच्या बुडातून झिरपत असेल तर ग्लँडचा, म्हणजे स्पिंडलभोवती पाणी अडवणाऱ्या भागाचा, तिथे वायसर बदलून काही होत नाही.

दुरुस्तीआधी मुख्य कॉक बंद करून नळातले उरलेले पाणी सोडून देतात. बेसिनच्या जाळीवर फडके टाकावे, कारण चावीचा स्क्रू नेमका तिथेच पडतो. नळाचे डोके, म्हणजे स्पिंडल बसवलेला वरचा भाग, पान्याने उघडताना नळ दुसऱ्या हाताने घट्ट धरायचा, नाहीतर मागचा पाइप पिळला जातो. बाहेर आलेल्या जुन्या वायसरवर बैठकीचा गोल वळ उमटलेला दिसतो. त्याच मापाचा नवा बसवण्याआधी बैठकीवरून बोट फिरवून पाहावे. खड्डे किंवा खरखर लागली तर ती घासून सपाट करावी लागते. तशीच ठेवली तर नवा वायसरही थोड्याच दिवसांत कापला जातो. डोके परत बसवताना स्पिंडल वर, म्हणजे उघड्या स्थितीत असावा.

पाव फेऱ्यात बंद होणाऱ्या नळात वायसरऐवजी सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात. त्यांच्यात रेतीचा कण अडकून चरा पडला की चकत्या बसवलेला अख्खा संच, म्हणजे कार्ट्रिज, बदलतात.

दुरुस्ती व्हायला अवकाश असेल आणि रात्री टपटप छळत असेल, तर तोटीला दोरा बांधून तो बादलीत सोडावा. थेंब दोऱ्यावरून घरंगळतो. हा आवाज थेंब आदळण्याचा नसून पाण्याखाली अडकलेल्या हवेच्या बुडबुड्याच्या कंपनाचा असतो, हे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले. बादलीतल्या पाण्यात भांड्यांचा साबण टाकला तरी तो बंद होतो.